मागचं डावं चाक

अकरा चाळीसच्या आत नव्या गाडीपुढे नारळ फुटायला हवा होता. हा मुहूर्त कुसाबाईंनी गुरुजींकडे दोनदा खेटे घालून काढून आणला होता. पूजा झाली की शोरूममधून थेट हरसूलला, कुसाबाईंच्या माहेरच्या देवाला जायचं, असं ठरलेलं. घाटाचा रस्ता, गाडीत पाच जण, त्यांत सहा वर्षांची नात वेदिका.

गाडीवरचं लाल कापड निघालं, फोटो झाले, आणि कुसाबाईंची सून हर्षाली पर्समधून हवा मोजायचं गेज काढून पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली. जरीच्या साडीत. सातपूरच्या एका कारखान्यात ती तेरा वर्षं माल तपासायच्या कामावर होती. तिथे तिने नाकारलेला माल खुद्द मालकसुद्धा पुढे रेटत नसे. घरात मात्र तिच्या या तपासण्याला खोड म्हणत.

"आता इथे कशाला?" तिचा नवरा अमोल पुटपुटला. "लोक बघतायत."

"बघू देत."

"मॅडम, गाडी तपासूनच देतो आम्ही," सेल्सवाला आयुष हसत म्हणाला. हे हसणं हर्षालीच्या चांगलं ओळखीचं होतं. माल परत जायची वेळ आली की पुरवठादार अगदी असेच गोड होतात.

पहिल्या चाकात चव्वेचाळीस. दुसऱ्यात चव्वेचाळीस. तिसऱ्यातही तेच. आणि दाराच्या आतल्या स्टिकरवर छापलेलं, तेहतीस.

"ते काय आहे मॅडम, गाड्या यार्डात खूप दिवस उभ्या राहतात, म्हणून कंपनीच जास्त भरून पाठवते. देतो ना कमी करून."

"तपासूनच देता म्हणालात," हर्षाली म्हणाली आणि चौथ्या चाकाकडे वळली. मागचं डावं. गेजचा काटा बरोबर तेहतीसवर थांबला.

"चला, एक तरी बरोबर निघालं," अमोल म्हणाला. सासरे खंडेराव यांनीही मान डोलावली. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

हर्षालीने पुन्हा मोजलं. तेहतीसच.

"हेच चुकलेलं आहे," ती म्हणाली. "चारही चाकं एकदमच भरली असणार. तिघांत हवा तशीच आहे, मग याची अकरा गेली कुठे? हे चाक गळतंय."

"आत्ता भरून देतो. सर्व्हिसिंगला आणाल तेव्हा बघू की."

"नाही. चाक उतरवा."

घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. कुसाबाई पुढे आल्या. "हर्षाली, येळ निघून चालली. घालवायची का?"

हर्षाली घाबरली होती, खोटं कशाला सांगायचं. चाकात काही निघालं नाही, तर सासूचा मुहूर्त बुडवलेली सून म्हणून ती भावकीत कायमची गाजणार होती. तरी ती उठली नाही.

"घालवायची, आई. मी चुकले तर जन्मभर बोला मला. पण या चाकावर तुम्हाला घाटात जाऊ देणार नाही."

कुसाबाईंनी हातातला नारळ परत पिशवीत ठेवला. गाडी मागच्या वर्कशॉपमध्ये गेली, चाक उतरलं, मेकॅनिकने त्यावर साबणाचं पाणी ओतलं. टायरवर काही नाही. रिमच्या कडेला काही नाही. अमोल घड्याळ बघत होता. मग हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या बुडाशी एक बुडबुडा फुगला, त्याच्यामागे दुसरा, आणि पाठोपाठ बारीक फेसच यायला लागला.

आयुषचं हसू मावळलं. कुसाबाई गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या आणि तो फेस बराच वेळ बघत राहिल्या. नवा व्हॉल्व्ह बसला, चाक पुन्हा चढलं, चारही चाकांत तेहतीस झाली, तोवर सव्वाबारा वाजून गेले होते. मुहूर्ताचं नाव न काढता कुसाबाईंनी गाडीपुढे नारळ फोडला.

"चला, बसा आता," अमोल म्हणाला.

हर्षाली मागे गेली आणि तिने डिकी उघडली.

"आता काय?"

"स्टेपनी राहिलीय."

अमोलने आशेने आईकडे पाहिलं. पण कुसाबाईंनी शेजारचं स्टूल ओढलं आणि त्यावर ऐसपैस बसल्या.

"बघ बाई," त्या म्हणाल्या. "नीट बघ. मी थांबते."