प्रवासी इझबासार तुयाकबाएव यांनी तळघरात यावे

आमच्या तळघरातल्या खोलीत भिंतीवर एकच चित्र आहे. एक सूटकेस, तिच्यात ई-सिगारेट, वर लाल फुली. शेजारी खांद्याची पिशवी, तिच्यात तीच ई-सिगारेट, वर हिरवी खूण. म्हणजे ही वस्तू सोबत ठेवा, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकू नका. आणि सोबत ठेवली तरी वर गेल्यावर ओढू नका, चार्जिंगला लावू नका. ज्यांना चित्र कळत नाही त्यांच्यासाठी खाली कझाखमध्ये लिहिलंय, ज्यांना कझाख येत नाही त्यांच्यासाठी रशियनमध्ये. ज्यांना वाचायचंच नाही त्यांच्यासाठी मी आहे.

लोकांना हा नियम उलटा वाटतो. पेट घेणारी वस्तू लांब ठेवलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. मी समजावतो, आत बॅटरी आहे. सूटकेसमध्ये पेटली तर कुणाला पत्ता लागणार नाही, खिशात पेटली तर तुम्हाला लगेच कळेल. धोक्याची गोष्ट नजरेआड करायची नसते, जवळ ठेवायची असते. हेच मी माझ्या बायकोलाही समजावून पाहिलं होतं. ती हल्ली करागंदीला असते.

मी मूळचा लोककथांचा माणूस. नऊ वर्षं कॉलेजात शिकवल्या. मग आमचा विभाग दुसऱ्या विभागात विलीन झाला, तो तिसऱ्यात, आणि शेवटी विलीन व्हायचा मी एकटाच उरलो. तेव्हापासून शिमकेंटच्या विमानतळावर सामान तपासतो. लोककथेत राक्षसाचा जीव कुठल्या पेटीत आहे ते शोधावं लागतं. इथे मशीन दाखवतं.

पद्धत अशी होती. पट्ट्यावरून बॅगा सरकतात, मी पडद्यावर बघतो. खायची वस्तू नारिंगी दिसते, धातू निळा. बोटाएवढी निळी कांडी, म्हणजे ई-सिगारेट, दिसली की पट्टा थांबवायचा आणि वर राउशान आपायला फोन करायचा. राउशान माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, म्हणून आपाय, म्हणजे ताई; माइकवर बसतात. त्या नाव पुकारतात, तेही असं सावकाश, जणू त्या माणसाला पारितोषिक मिळालंय. मग तो माणूस लाल चेहरा करून खाली येतो. एकटा कधीच येत नाही. आमच्याकडे एक माणूस उडणार असेल तर सात जण पोचवायला येतात. एकदा जावयासोबत सासूबाई उतरल्या. मी बॅग उघडली, कलिंगडाच्या चवीची कांडी वर आली. सासूबाई म्हणाल्या, "ही माझ्या मुलीची असणार हं." जावई आयुष्यभर त्यांचा ऋणी राहणार.

इझबासार मात्र एकटा आला. फेब्रुवारीत, अतिराऊच्या सकाळच्या विमानाला. तिकडच्या तेलक्षेत्रात क्रेन चालवायचा. अठ्ठावीस दिवस तिकडे, अठ्ठावीस इकडे. आडवा बांधा, मिशीत बर्फ वितळत होता. त्याने बॅग उघडली, कांडी काढली, खिशात घातली. ओळखपत्र बघताना मी म्हटलं, "शहात्तरचा का? मीही."

तो पहिल्यांदा हसला. "मग तू कुर्दास निघालास की! पण एवढा म्हातारा कसा दिसतोस?"

एका सालात जन्मलेले ते कुर्दास. त्यांना एकमेकांची टर उडवायची मुभा असते. मुभा कसली, सक्तीच. मी म्हटलं, "मी उजेडात राहत नाही, म्हणून. तू तर आभाळात बसतोस, तरी तोंड गाजरासारखं."

"क्रेनवर वारा असतो, कुर्दास. तुझ्याकडे काय असतं?"

"लोकांच्या चड्ड्या."

एप्रिलमध्ये त्याची बॅग पुन्हा थांबली. तेच जाकीट, तीच कांडी. "डोकं की भोपळा?" मी विचारलं. "चित्र दिसत नाही का भिंतीवरचं?" तो म्हणाला, "चित्र बघायलाच येतो. काढणाऱ्याचा हात तुझ्यासारखा थरथरलाय." दहा-अकरा मिनिटं बसला, माझा चहा प्याला, चहा पातळ आहे म्हणाला, गेला.

जूनमध्ये तिसऱ्यांदा. या वेळी कांडी मी स्वतः हातात घेतली आणि तोंडाकडची बाजू बघितली. कारखान्यातून येताना बसवतात ते रबरी बूच तसंच होतं. कुणी एकदाही ओढली नव्हती.

"तू ओढत नाहीस," मी म्हटलं.

"वासानेही मळमळतं."

"मग हे काय आहे?"

त्याने बूच अंगठ्याने दाबून बघितलं. "वर हॉलमध्ये उभं राहून बघितलंयस कधी? प्रत्येकाभोवती माणसं. कुणी मुके घेतंय, कुणी खिशात पैसे कोंबतंय, कुणी रडतंय. मी खांबाजवळ. मग ती बाई माझं नाव घेते. पूर्ण घेते, कुर्दास, बापाच्या नावासकट. सगळे वळून बघतात, हा कोण इझबासार, काय केलं त्याने. तिकडे मला चौथी क्रेन म्हणतात. 'ए चौथी, उचल.' 'ए चौथी, जेवलास का?' अठ्ठावीस दिवस." मग तो ओशाळून म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. हसतील."

"मी तर आत्ताच हसतोय," मी म्हटलं. पण हसलो नाही. कुर्दास असलो तरी.

त्या दिवशी त्याने आईचं सांगितलं. निघताना ती तंदूरचा नान पुढे करायची, तो एक घास चावून घ्यायचा, उरलेला नान ती फडक्यात बांधून खिळ्याला टांगायची. ज्याचा घास घरात राहिलाय तो परत येतो, एवढाच त्यामागचा हिशोब. माझ्याही आईने तो केला होता, मी सैन्यात गेलो तेव्हा. मागच्या वर्षी तो तिकडे असताना आई गेली. धुक्यात विमानं अडकली, तो चौथ्या दिवशी पोचला. माती होऊन गेली होती. खोलीत खिळ्याला नान तेवढा होता.

"काय केलंस त्याचं?"

"चहात बुडवून खाल्ला. टाकतात का नान? दोन दिवस लागले. वीट झाली होती." त्याने बॅगेची चेन ओढली. "आता भाड्याची खोली. मालकिणीला सांगायचं का, बाई, माझा उष्टा नान ठेवा म्हणून?"

ऑगस्टमध्ये तो आला तेव्हा माझ्या टेबलावर नवा आदेश पडलेला होता. एक सप्टेंबरपासून प्रवाशाला खाली बोलवायचं नाही. प्रत्येक वेळी अकरा मिनिटं वाया जातात. बॅग दोघांनी मिळून उघडायची, कांडी काढून घ्यायची, आत छापील चिठ्ठी टाकायची. तेच नाव पुन्हा आलं तर नोकरीच्या ठिकाणी पत्र. दुसरा माणूस अजून मंजूर झालेला नाही, त्यामुळे सध्या दोघं म्हणजे मी.

मी त्याला आदेश वाचून दाखवला. पत्राचा भाग दोनदा वाचला, कारण तेलवाले आग म्हटली की हाकलतात, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी क्रेनवाल्याला दुसरी क्रेन कोण देणार?

तो चित्राकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे त्या बाईचंही काम गेलं."

"त्यांना पुकारायला हरवलेली मुलं आहेत. उशीर झालेली विमानं आहेत."

"हां. ते आहेच." त्याने कांडी शहाण्यासारखी जाकिटाच्या खिशात ठेवली, हिरव्या खुणेप्रमाणे. "चहा सुधार," म्हणाला आणि जिन्याने वर गेला.

मला एक वाक्य बोलायचं होतं. साधं होतं, सहा-सात शब्दांचं. नऊ वर्षं लोककथांवर तास घेतलेल्या माणसाला ते जिन्यात पावलं वाजत असताना सुचलं, आणि पावलं थांबल्यावर नीट जुळलं.

सप्टेंबर शांत गेला. खाली कुणी येईना. मी बॅगा उघडायचो, चिठ्ठ्या टाकायचो. एका बॅगेत कांडीऐवजी बासरी निघाली, तेव्हा चुकून तिच्याशीच बोललो.

ऑक्टोबरात अतिराऊच्या विमानाच्या दिवशी मी पडद्याला नाक लावून बसलो. त्याची बॅग मी आता आतून ओळखतो. बूट, दाढीचं सामान, चहाचा डबा. कांडी नव्हती. बॅग निर्दोष होती, मी बटणावरून हात काढला, आणि तेवढ्यात कपड्यांच्या मध्ये एक नारिंगी वर्तुळ दिसलं. ताटलीएवढं. पूर्ण गोल नव्हतं. एका कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा गायब होता.

माणसाने निघताना घास चावला होता आणि नान ठेवायला जागा नाही म्हणून सोबतच घेतला होता.

नान विमानात न्यायला बंदी नाही. सूटकेसमध्ये चालतो, पिशवीत चालतो, हातात धरलात तरी चालतो. भिंतीवर त्याचं चित्र नाही. मी पट्टा थांबवला आणि फोन लावला.

"आपाय, एक नाव पुकारायचंय."

"शुद्धीवर आहेस ना?" राउशान आपाय म्हणाल्या. "नाव पुकारायचं बंद झालंय. माझ्या टेबलावरही आहे तो कागद."

"माहीत आहे."

"कारण काय लिहू?"

"खाद्यपदार्थ."

"बॉम्ब आहे का त्यात?"

"नाही आपाय. दात आहेत."

त्यांनी कागद बाजूला सारल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "तुझा तो क्रेनवाला का रे? दोन महिने झाले, त्याचं नाव तोंडात आलं नाही बघ." आणि भोंगे खरखरले. इतकं सावकाश त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नसेल. बापाचंही घेतलं. मला वाटतं, दोनदा घेतलं.

इझबासार धावत उतरला, चेहरा पांढराफटक. "कुर्दास, शपथ! काही नाहीये त्यात. ती मी फेकून दिली. बघ, उघडून बघ! पत्र पाठवलंस का?"

मी बॅग उघडली, फडकं बाहेर काढलं. "हे विमानात जाऊ शकत नाही."

"नान? नानाला कुठे बंदी आहे?"

"आख्ख्याला नाही. चावलेला असेल तर मागे ठेवायचा असतो. नियम माझा नाही, तुझ्या आजीचा आहे. तू उंटासारखा वाढलास, पण एवढी अक्कल आली नाही. सोबत नेलास तर परत कशाला येशील?"

 मी खुर्चीवर चढलो. त्या चित्राचा खिळा भक्कम आहे, मीच ठोकलाय. फडक्याची गाठ त्यावर अडकवली. ऑगस्टमध्ये जिन्यात सुचलेलं वाक्य एवढंच होतं, तुझा नान इथे माझ्याकडे ठेवून जा. चित्र थोडं वाकडं झालं.

"उंदीर आहेत का इथे?" खिळ्याकडे बघत त्याने विचारलं.

"उंदीर वर असतात, जिथे खायला मिळतं."

"पाऊस गळतो?"

"गळत नाही. जा आता, विमान सुटेल. मग मला तुलाही टांगून ठेवावं लागेल."

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तो थांबला. वळला नाही. "अठ्ठावीस दिवस," म्हणाला. "कधीकधी पंचेचाळीस करतात. माणूस कमी असला की."

"नान पंचेचाळीस दिवस टिकतो. वीट होते, एवढंच."

दुपारी वरून लेखी खुलासा मागितला. आदेश असताना प्रवाशाला का बोलावलं, अकरा मिनिटं कशात गेली. मी लिहिलं, प्रवाशाच्या सामानात एक वस्तू होती जी त्याच्यासोबत जाणं योग्य नव्हतं. ती ठेवून घेतली आहे. मालक परतल्यावर देण्यात येईल. पहिला ताशेरा मिळाला. तीन झाले की घरी पाठवतात. घरी काय आहे ते त्यांना माहीत नाही.

त्यानंतर खाली कुणी आलेलं नाही. पट्टा फिरतो, चड्ड्या जातात, निळं-नारिंगी येत राहतं. चहा थोडा घट्ट करून बघतोय. आज सव्विसावा दिवस. फडक्यातून वास यायचा थांबला, म्हणजे नान वाळला असणार. सोडून बघितलेला नाही.

माझा स्वतःचा घास कुठे ठेवायचा, हा प्रश्न येत नाही. मला कुठे जायचं नाहीये.