वीस सेकंदांचा उतार

मला मुळातच शांत बसता येत नाही, आणि त्या दिवशी तर ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसायचं होतं. मागे साखर कारखान्याला चाललेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या, स्टिअरिंगवर पप्पा, आणि माझ्या डोक्यात तीन आठवड्यांपासून अडकलेलं एक गणित. निलंग्याकडचा उतार यायच्या आत ते पप्पांना सांगायचंच, असं ठरवून निघाले होते. चार किलोमीटर झाले तरी तोंड उघडत नव्हतं.

गणित लातूरच्या क्लासमधलं; तिथं मी होस्टेलात राहते, सुट्टीला गावी आले होते. शाळेत ज्याला आम्ही संवेग म्हणायचो, त्याला तिथं मोमेंटम म्हणतात. गोष्ट तीच, वस्तुमान गुणिले वेग. सरांनी फळ्यावर ट्रॅक्टरच काढला. ऊस धरून वीस टन, उतारावर न्यूट्रल करून सेकंदाला दहा मीटर. ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत. ट्रॅक्टरच्या ब्रेकमधून उताराची ओढ वजा केली की उरतो दहा हजार न्यूटन जोर.

"जोर कमी, तर वेळ जास्त. दोघांचा गुणाकार म्हणजे आवेग, तो संवेगाएवढा भरला की गाडी थांबली. सांगा, किती सेकंद?"

सगळ्यांत आधी मीच ओरडले, वीस.

"मग आडव्या आलेल्या म्हशीला सांगा, वीस सेकंद कळ काढ."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. वडील शेती करतात, असं मी तिथं सांगून ठेवलंय. दीड एकर आहे, खोटं नाही. पण गावात त्यांना आनंदराज ड्रायव्हर म्हणूनच ओळखतात, आणि उतारावर न्यूट्रल करून गाडी पळू द्यायची ही त्यांच्यासारख्या सगळ्या ऊसवाल्यांची रीत. फोनवर सांगू म्हटलं की ते हसू आठवायचं आणि माझी मलाच लाज वाटायची.

उतार दिसला. आता नाही तर कधीच नाही.

"पप्पा, आज गेअरातच उतरा."

"का गं?"

"न्यूट्रल केलं तर थांबायला वीस सेकंद लागतात. मी गणित केलंय."

"बावीस वर्षं झाली चालवायलोय, लुंबिनी." ते हसले. "मला नको शिकवू." आणि त्यांनी न्यूट्रल केलं.

मागून ट्रॉल्यांचा रेटा आला. इंजिनाचा आवाज खाली बसला आणि कानात वारा घुसला. निम्मा उतार गेला तेव्हा खाली फाट्यावर एसटी उभी दिसली. माणसं उतरत होती, समोरून टेम्पो येत होता. पप्पा ब्रेकवर अक्षरशः उभे राहिले. मी मोजायला लागले. दुसरं काय करणार होते? सात, आठ, नऊ. हॉर्न वाजतच होता. बारा मोजले तेव्हा एसटी हलली. एका बाईनं पिशवी टाकून रस्त्याकडेच्या चारीत उडी मारली, आणि आमची चाकं त्या पिशवीवरून गेली. थांबलो तेव्हा मी चोवीसवर होते.

पप्पा पळत मागे गेले. बाईच्या कोपराला खरचटलं होतं, बाकी धडधाकट होती. तिनं मनसोक्त शिव्या घातल्या, पप्पांनी हात जोडून ऐकल्या. परत आले तेव्हा त्यांना पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. मला कीव यायला हवी होती, आला तो संताप.

"कशाची एवढी घाई? कुणाचं लग्न खोळंबलंय?"



"साडेसाताच्या आत कारखान्यात रांगेत नंबराला लागलं की इंजिन बंद करता येतंय. तुमच्या होस्टेलात साडेसात ते आठच फोन देतेत. चालू ट्रॅक्टरवर तुझं बोलणं काय ऐकू येणार?"



"पप्पा, आज तर मी इथंच हाय की."

"हाव की," ते पुटपुटले. "ध्यानातच न्हाई आलं."

मला रडू आवरेना. रोज त्या अर्ध्या तासातली दोन मिनिटं मी त्यांना द्यायचे, आणि 'ठेवते, अभ्यास हाय' म्हणून फोन बंद करायचे.