धाकटीसाठी चिठ्ठी

अकरा दिवस कोठडीत काढले की माणसाला उशी मिळते, हे मला आधी ठाऊक नव्हतं. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या सभागृहाला सरकारी कुलूप लागल्यापासून रविवारची उपासना आमच्या शिवणाच्या खोलीत होते. यंत्रं भिंतीला सरकवायची, कापायच्या टेबलावर धुतलेली चादर घालायची आणि पंचवीस माणसांनी जागा मिळेल तिथे बसायचं. सगळे सतरंजीवर, मी मात्र पंख्याखालच्या खुर्चीत, आणि खुर्चीवर उशी. चहाचा पहिला कप मला. पोराला कुठल्या शाळेत घालायचं, शेजाऱ्याशी वाजलं तर काय करायचं, सगळ्याला एकच उत्तर, "ताईंना विचारा. त्या आत जाऊन आल्यात." शाळेचा आणि कोठडीचा काय संबंध, हे मी कुणाला विचारलं नाही. अंगावर मूठभर मांस चढत होतं, ते मी चढू दिलं.

त्याचं झालं असं. सभागृहाच्या किल्ल्या आम्हा दोघी जावांकडे असायच्या, म्हणून पोलीस चौकीच्या यादीत दोनच नावं होती, माझं आणि धाकटीचं. नेलं त्याच संध्याकाळी कारकुनानं आमच्यापुढे एकेक छापील फॉर्म ठेवला. 'या मंडळीशी माझा संबंध नाही, यापुढे त्यांच्यात जाणार नाही.' खाली सहीची जागा. सही केली की घरी. मी फॉर्म परत सरकवला. धाकटीनं सही केली आणि मान खाली घालून घरी गेली. मला अकराव्या दिवशी सोडलं, तेही नवे साहेब बदलून आले आणि 'ही बाई उगाच जागा अडवते' म्हणाले म्हणून.

तेव्हापासून माझा धाकटीशी अबोला. गंमत अशी की आम्ही दोघी दिवसभर एकाच खोलीत. मी कापते, ती शिवते, मध्ये दीड हाताचं अंतर. सुरुवातीला निरोप मामंजींमार्फत चालायचे. "तिला सांगा, कॉलर तयार आहेत." "त्यांना सांगा, दोरा संपला." मामंजी आयुष्यभर पोस्टमन होते. चौथ्या दिवशी त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मी निवृत्त झालोय. आता टपाल वाटणार नाही." मग तेही बंद पडलं.

रविवारी धाकटी स्वयंपाकघरात बसायची. ये असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, येऊ नको असंही नाही. मटार सोलत बसायची आणि दार बोटभर उघडं ठेवायची. आमच्या मंडळीत खरा गळा तिचाच. ती बाहेर बसल्यापासून गाणी घड्याळकाका सुरू करत. काका घड्याळं दुरुस्त करतात, ठेका त्यांचा अचूक, पण सूर मात्र जन्मात एकदाही सापडलेला नाही. दुसऱ्या ओळीपर्यंत आम्ही पंचवीस जण पंचवीस दिशांना गेलेलो असायचो. तेव्हा त्या बोटभर फटीतून एक बारीक, नेमका सूर यायचा आणि सगळे हळूच त्याला जाऊन चिकटायचे. मलाही चिकटावं लागायचं. त्याचा मला राग यायचा.

अशाच एका रविवारी घड्याळकाका बातमी घेऊन आले. चौकीत नवी यादी बनतेय, या पंधरवड्यात ते घरोघर फिरणार. काकांना पहिल्या मंडळ्यांचा इतिहास वाचायचा नाद आहे, आणि कुणी घाबरलं की ते पावणेअठराशे वर्षं मागे जातात.

"हे काही नवीन नाही बरं," ते म्हणाले. "त्या काळच्या सम्राटानंही असाच हुकूम काढला होता. देवळात या, चिमूटभर धूप टाका, दाखला घ्या. काही विश्वासी तुरुंगात गेले. पुष्कळांनी धूप टाकला. काही हुशार लोकांनी धूप न टाकताच ओळखीनं दाखला मिळवला."

"ताकाला जाऊन भांडं लपवणारे तेव्हाही होते म्हणायचे," मामंजी म्हणाले.

"होतेच. पुढे छळ निवळला आणि धूप टाकलेले परत आले, म्हणाले आम्हाला आत घ्या. झालं, मंडळीत भांडण! काही म्हणाले, कायमचं बाहेर ठेवा. काही म्हणाले, रडू द्या थोडे दिवस दाराशी. मग लोक तुरुंग सोसलेल्यांकडे जाऊ लागले. ते चिठ्ठी लिहून द्यायचे, 'याला शांतीनं आत घ्या.' त्या चिठ्ठीला फार मान." काका पुढे म्हणाले, "त्यातल्या काहींच्या डोक्यात हवाही गेली म्हणतात."

माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, यावरूनच सगळ्यांच्या मनात काय आलं ते कळलं.

"मग शेवटी काय ठरलं?" कुणीतरी विचारलं.

"शेवटी? पुन्हा छळ येणार अशी चिन्हं दिसायला लागली. तेव्हा वडीलधारे एकत्र बसले आणि म्हणाले, प्रायश्चित्त घेणाऱ्या सगळ्यांना आत्ताच आत घ्या. एकदा घाबरलेल्या माणसाला दुसऱ्यांदा एकट्यानं उभं करायचं, हा कुठला न्याय? प्रभुभोजनाला, भाकर आणि प्याला घ्यायला, बसू द्या, म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी बळ असेल." काकांनी घसा साफ केला. "तर ताई, तुम्ही आत जाऊन आलात. एक चिठ्ठी द्या. पुढच्या रविवारी तिला आत घेऊ. यादी यायच्या आत."

स्वयंपाकघरात मटारच्या शेंगांचा आवाज थांबला होता.

"विचार करते," मी म्हणाले. आवाजही कसा, मोठ्या न्यायाधीशासारखा!

त्या आठवड्यात हॉटेलच्या वेटरांचे चाळीस शर्ट द्यायचे होते. खिशाची खूण डाव्या छातीवर करायची असते. माझं डोकं चिठ्ठीत, त्यामुळे मी चाळीसच्या चाळीस शर्टांना खडूची खूण उजव्या छातीवर केली. धाकटीनं खूण असेल तिथे खिसा लावला. वीस वर्षं शिवणारी बाई ती, पहिल्याच शर्टाला तिच्या लक्षात आलं असणार. पण विचारायचं कुणाला? टपाल बंद होतं.

शुक्रवारी सकाळी शेवटची इस्त्री करताना मामंजींनी एक शर्ट अंगाला लावून बघितला. "या हॉटेलातले वेटर सगळे डावखुरे आहेत का गं?" ते म्हणाले. शनिवारी दुपारी माल द्यायचा होता.

मग काय, दोघी समोरासमोर बसलो, हातात एकेक ब्लेड, मध्ये शर्टांचा ढीग. खिसा उसवायचा, दोऱ्याचे तुकडे वेचायचे, सुईची भोकं वाफेच्या इस्त्रीनं बसवायची, खिसा डावीकडे लावायचा. सहा शर्ट होईपर्यंत दोघींच्या तोंडात मिठाची गुळणी. सातव्याला मीच हरले.

"दिसत होतं, तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

तिच्या ओठाचा कोपरा हलला. माझाही हलला असावा, कारण मामंजी लगेच म्हणाले, "मी जरा पान उलटून वाचतो," आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले. ते उलटं धरलं होतं हे आम्हा दोघींनाही दिसलं, आणि मग हसू आवरेना. चार महिन्यांचं तुंबलेलं हसू होतं ते. डोळे पुसत पुसत चार शर्ट झाले.

मग ती म्हणाली, "ताई, मला चिठ्ठी नका देऊ हवी तर. पण एक सांगा. तुम्ही कसं केलंत ते?"

"काय कसं?"

"सही नाही केलीत ते. मला नुसती भीती वाटली हो. दुसरं काही कारण नव्हतं. कुणी मारलं नाही की ओरडलं नाही. फॉर्म पुढे आला आणि हात चालायला लागला. आता परत आले, तर मला सही करायची नाहीये. तुम्ही मनात काय म्हणत होतात, कसं धरून ठेवलंत स्वतःला, ते शिकवा ना मला."

आणि मी शिकवलं! हातातला शर्ट बाजूला ठेवून, पाठ ताठ करून शिकवलं. मन एकाग्र कसं करायचं, श्वास कसा धरायचा, प्रभूचं दुःखसहन कसं आठवायचं. मामंजींनी पेपर खाली घेतला. धाकटी मान डोलावत ऐकत होती. "परत एकदा सांगा," ती म्हणाली, "मी पाठ करते." तिनं खरंच बोटं मोजत पाठ केलं, पोरं पाढे करतात तसं. तिच्याकडे बघता बघता माझ्या अंगाला घाम फुटला. कारण त्यातलं अवाक्षरही खरं नव्हतं.

त्या दुपारी जेवण गेलं नाही. शनिवारी शर्ट वेळेवर पोचले, हॉटेलवाला खूश झाला, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. माझी खोटी विद्या घेऊन ती पोरगी चौकीत उभी राहणार, ती विद्या कामाला येणार नाही, आणि तिला वाटणार की खोट आपल्यातच आहे. दुसरीकडे खरं सांगितलं तर या खोलीत माझं काय उरणार? मला तो मान आवडत होता. फार आवडत होता.

रविवारी चादर घातली, भाकर आणि प्याला मांडला. धाकटी स्वयंपाकघरात, दार बोटभर उघडं. काकांनी माझ्यापुढे कागद आणि पेन ठेवलं. मी उभी राहिले.

"मला चिठ्ठी लिहिता येत नाही," मी म्हणाले.

खोलीतून एक नाराजीचा सुस्कारा आला. मामंजी काहीतरी बोलणार होते, पण मी हातानं थांबवलं, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता.

"चौथ्या दिवशी, गुरुवारी, मी कारकुनाला हाक मारून म्हटलं होतं, फॉर्म द्या, सही करते. तो म्हणाला, फॉर्म संपले. छापखान्यातून सोमवारी येतील. मी म्हटलं, साध्या कागदावर हातानं लिहून देते. तर तो म्हणाला, बाई, छापील फॉर्मशिवाय चालत नाही. मी त्याची विनवणी केली. हात जोडले. त्यानं खिडकी लावून घेतली. सोमवारी फॉर्म आले, त्यानं स्वतःहून विचारलं, हवाय का? तोवर मला दोन रात्री नीट झोप लागली होती, भीतीचा जोर ओसरला होता. मी म्हटलं, आता नको. एवढीच माझी कहाणी. धाकटीच्या वेळी गठ्ठा भरलेला होता आणि माझ्या वेळी रिकामा. तिला चार दिवस कुणी दिलेच नाहीत. शुक्रवारी मी तिला जे शिकवलं, ते सगळं रचलेलं होतं. माफ कर गं."

मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं ते न कळून कागदाकडे बघत राहिले. आता खुर्ची कुणाला देतात, असाही विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून फिस्स असा आवाज आला. मग दुसरा. दार सताड उघडलं आणि पदर तोंडात कोंबून धाकटी उभी, हसण्यानं गदगदा हलत. "फॉर्म संपले!" ती म्हणाली. "अहो ताई, हात जोडलेत तुम्ही? त्या कारकुनाला?" आणि ती तशीच आत आली, हसत आणि रडत, थेट सगळ्यांच्या पायांवरून वाट काढत, आणि माझ्या गळ्यात पडली. चिठ्ठी आहे की नाही हे कुणी विचारलं नाही. काकाच आधी हसले, मग मामंजी, मग खोलीच. काका डोळे पुसत म्हणाले, "पहिल्या मंडळ्यांत असं काही झाल्याचं माझ्या वाचनात नाही. पण झालं असेल. लिहून कोण ठेवणार?"

त्या दिवशी भाकर माझ्या हातातून धाकटीच्या हातात गेली. गाणं तिनं सुरू केलं. पंचवीस जण एका दिशेला गेले.

उपासनेनंतर भांडी विसळताना तिनं हळूच विचारलं, "मग ताई, आले तर करायचं काय?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले. "पण या खेपेला एकमेकींचा हात धरून बसू. सही करायला हात मोकळा लागतो."

मंगळवारी अकराच्या सुमाराला, मामंजी दोरा आणायला गेलेले असताना, ते आले. तोच कारकून, काखेत फॉर्मांचा जाडजूड गठ्ठा. या वेळी त्यानं छापखान्याला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणायचं. त्यानं खोलीभर नजर फिरवली, शिवणयंत्रं, टेबल, भिंतीला लावलेली सतरंजी, आणि मोठ्यानं विचारलं, "या मंडळीत जाणारं इथे कोण आहे?"

अकरा दिवसांची अनुभवी बाई मी! हातातली कात्री अर्ध्या कापडात तशीच राहिली. धाकटीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं त्या एकेक काढून सुयांच्या उशीला टोचल्या, दीड हाताचं अंतर ओलांडून माझं मनगट धरलं, आणि म्हणाली, "मी."

मग मीही म्हणाले. कारकुनानं गठ्ठ्यातले दोन फॉर्म काढून टेबलावर ठेवले. आम्ही दोघींनी ते परत सरकवले. त्यानं आमची नावं वहीत घेतली, बोलावणं येईल म्हणाला आणि पुढच्या घराकडे गेला. यायचं तेव्हा येईल. पण त्या दिवशी आधी 'मी' कोण म्हणालं, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक असावं, म्हणून येत्या रविवारी उभी राहून मीच सांगणार आहे.