टाकीचा कॉक

दूर परदेशातल्या पोरिरुआ गावच्या लायब्ररीतलं घरदुरुस्तीचं पुस्तक, मुदत दोनदा वाढवलेली.

दोन हजार सहाचा जुलै, इथला हिवाळा. वारा.

घटस्फोटाचा कागद, मायक्रोवेव्हवर.

रबराचा वायसर, अंगठ्याच्या नखाएवढा.

पुण्यात अभिनवने बहिणीसाठी रंगवून घेतलेली खोली.

या सगळ्याच्या मधोमध नीलांबरी पान्हा घेऊन उभी. स्वयंपाकघरातला थंड पाण्याचा नळ महिनाभर गळत होता. आई, मालतीबाई, तिला परत न्यायला आल्या होत्या. "एकटी बाई, एवढं घर. काही मोडलं तर हाक कुणाला मारशील?" उद्या रविवारी भावाचा, अभिनवचा फोन येणार, येतेस की नाही ते सांगायचं. नळ आजच दुरुस्त व्हायला हवा होता.

"आधी टाकीचा कॉक बंद कर."

"माहितीये गं, आई."

कपाटात गरम पाण्याची उंच टाकी होती. नीलांबरीने तिचा कॉक आवळला. पुण्यात गच्चीवरची टाकी बंद म्हणजे घरातलं पाणी बंद, हे दोघींच्या हाडात मुरलेलं. इथे थंड पाणी थेट रस्त्याखालच्या पाइपातून येतं, हे पुस्तकात तिसऱ्याच पानावर होतं. एवढं तर आपल्याला येतं, म्हणून तिने ते पान उलटलं होतं.

नळाचं डोकं सुटलं आणि पाणी छताला लागलं.

"अगं बाई!" मालतीबाईंनी पोळ्यांचं फडकं नळावर दाबलं. "पळ! मुख्य कॉक कुठेय?"

"बाहेर! बहुतेक!"

लेटरबॉक्सपाशी गुडघाभर गवत. ती चाचपत राहिली. दगड. मूळ. पुन्हा दगड. आता आई म्हणणार, बघ, सांगत नव्हते?

खिडकीतून आवाज आला, "सापडला का?"

"नाही!"

"नसू दे. मी धरलंय. सावकाश शोध, हात कापून घेऊ नकोस."

लोखंडी झाकण. नखं घालून उचकटलं. खाली कॉक. उजवीकडे. अजून उजवीकडे.

आत आली तर मालतीबाई माकडटोपीसकट चिंब. "खडकवासला सोडलंस की गं घरात!"

"हसू नकोस ना."

"हसू नको तर काय करू? आण तो वायसर."

"मी बसवते."

"बसव की. मी बॅटरी धरते."

त्याआधीच्या मंगळवारीच, नीलांबरी ऑफिसात असताना, मालतीबाईंनी अभिनवला फोन करून कळवलं होतं की नीलू इथेच राहील.