कासारणीचा अंगठा

माघातलं कोवळं, केशरकांत ऊन कासारआळीत उतरलं आणि सुंदराबाईंच्या ओसरीवर येऊन हिरवं झालं. पाचूहिरवं, मेंदीहिरवं, शेवाळहिरवं! दोरीला ओवलेल्या काचकंकणांतून ते पाझरलं, सारवलेल्या भुईवर थरथरलं. उद्या हळद होती, आज चुडा भरायचा होता.

चुडा कुणाचा म्हणता? सुंदराबाईंच्याच लेकीचा, केतकीचा. पंचक्रोशीतल्या शेकडो नववधूंचे हात जिने सजवले, तिला स्वतःच्या लेकीचा हात सजवता येईल की नाही, कुणी सांगावं!

पाच महिन्यांपूर्वी बांगड्यांचं खोकं निसटलं, काच मनगटात रुतली आणि अंगठ्याकडे जाणारा मज्जातंतू तुटला. डॉक्टरांनी तो सांधला. म्हणाले, "वाढेल पुन्हा, पण दिवसाला खसखशीच्या दाण्याएवढा."

तोवर अंगठा मुका. त्याला ऊन नाही, गारवा नाही. रेशीम नाही, काथ्या नाही. एकदा चहाच्या पातेल्याने पोळला, तर फोड दिसला तेव्हा बाईंना कळलं! आणि बांगडी भरणं म्हणजे का नुसतं ढकलणं? हाड कुठे सरकतंय, काच कुठे ताणतेय, याची खबर बोटांकडून मेंदूला जावी, तेव्हा कुठे तिथून बळाचा नेमका हुकूम यावा. खबरच नाही, तर हुकूम कसला डोंबलाचा!

धाकटी जाऊ भागीरथी पुढे सरकली. "आक्का, मी भरते की. चारचौघींत शोभा नको."

"झाली तर माझी होईल. तू तेलाची वाटी दे."

तेल चोळलं. केतकीचा मृदुल, मेंदीमंडित हात बाईंनी हातात घेतला. डोळे ताणून, श्वास रोखून पहिली बांगडी पुढे रेटली. अंदाज चुकला. कट्! बांगडी तडकली आणि काचेचं टोक बाईंच्याच अंगठ्यात घुसलं.

आणि हात मागे आला! बाईंनी ओढला नव्हता. तो आपणहून आला. मेंदूला वर्दी पोचायच्या आत पाठीच्या कण्यातल्या चौकीने परस्पर हुकूम सोडला होता. मग मागाहून, मनगटातून, कोपरातून, खांद्यातून ती झळझळती, जळजळती, जिवंत कळ वर चढत चढत माथ्यात पोचली.

"आई गं! दुखलं!"

ओसरीवर जमलेल्या बायका चपापल्या. ऐन चुड्याची पहिलीच बांगडी वाढली! केतकीचा चेहरा उतरला. सुंदराबाई मात्र रक्ताळलेला अंगठा नाचवत हसत सुटल्या. "अगं, दुखलं! मला दुखलं गं, केतके!"

"आक्का, अपशकुन झाला आणि तुम्ही..."

"कसला मेला अपशकुन! हळद आण चिमूटभर."

जखमेवर हळद दाबली. दुसरी बांगडी घेतली. या खेपेला बाईंनी चक्क डोळेच मिटले. अंगठा चाचपडला, थबकला, लेकीच्या हाडाचा उंचवटा त्याने ओळखला. तिथे जरा दाब, इथे जरा ढील. बांगडी अलगद उतरली. मग तिसरी, मग चौथी, आणि ओसरीवर किणकिण सुरू झाली.

शेवटची बांगडी मनगटावर आली तरी बाईंनी हात सोडला नाही.

"आई, झालं ना?"

"थांब गं जरा."

अंगठ्याखाली काहीतरी उडत होतं. इवलं, उबदार, अधीर. लेकीची नाडी. पाच महिने हा हात त्यांच्या हातात होताच, पण लेक आज हाताला लागली. आणि दोन दिवसांत ती सासरी जाणार होती. त्या अंगठा तिथेच ठेवून बसल्या. तो ऐकत राहिला, ऐकतच राहिला.