‘चालेल’ या शब्दाचे कार्ड

मित्रांनो, माझ्या पोटात पूर्वी तीनशे बारा शब्द होते, आता तीनशे तेरा आहेत. मी एक जुनी लाकडी पेटी आहे. लांबी अकरा इंच, रुंदी सहा इंच, उंची पाच इंच. वरचे झाकण थोडे वाकले आहे, पण ते नीट लागते. माझ्यात पोस्टकार्डापेक्षा लहान अशी जाड कागदाची कार्डे उभी ठेवलेली असतात. प्रत्येक कार्डावर एक शब्द असतो, आणि हे सगळे शब्द नीतिशास्त्राचे आहेत. म्हणजे माणसाने कसे वागावे, आणि तसेच का वागावे, याचा विचार करताना लागणारे.

माझा जन्म नारायण पेठेत, सीताराम नावाच्या सुताराच्या हातून झाला. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतली सागवानी फळी मोडीत निघाली होती. पद्मजाबाईंनी ती मागून घेतली आणि सीतारामने तिचे तुकडे करून, एकही खिळा न मारता, खाचेत खाच बसवून मला तयार केले. माझ्या तळाला अजून आम्लाचा एक पिवळट डाग आहे. मोजमापाची आवड मला त्या प्रयोगशाळेतून आली असावी असे वाटते, पण याला पुरावा नाही.

पद्मजाबाई कॉलेजात नीतिशास्त्र शिकवत. मुले व्याख्या पाठ करून उत्तरे लिहीत आणि पुढच्याच ओळीत शब्दांची अदलाबदल करत. म्हणून बाईंनी एक पद्धत ठरवली. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द आणि एका वाक्यात अर्थ, मागच्या बाजूला आपल्या गल्लीत घडेल असे उदाहरण. उदाहरण सुचले नाही तर ते कार्ड पेटीत जायचे नाही, टेबलावरच पडून राहायचे. ‘न्याय’ हा शब्द असा सात महिने टेबलावर होता.

‘नीतिनिरपेक्ष’ या कार्डावर लिहिले आहे: चांगले की वाईट हा प्रश्नच जिथे लागू होत नाही ते. मागे उदाहरण: पोह्यांत मीठ जास्त पडणे नीतिनिरपेक्ष आहे. ते कळल्यावरही पाहुण्यांना वाढणे, नाही. ‘हेतू’ आणि ‘परिणाम’ या दोन कार्डांना मिळून एकच उदाहरण आहे: शेजाऱ्यांना स्टेशनवर वेळेत पोचवायला निघालो आणि वाटेत स्कूटर बंद पडली. शेजारी पुढे वर्षभर दोन्हींपैकी कशाबद्दल बोलतील? ‘कर्तव्य’ या कार्डामागे फक्त तीन शब्द आहेत: सोसायटीच्या सभेला जाणे.

बाईंचे यजमान दिगंबरराव टेबलापाशी येऊन कार्डे वाचत आणि गंभीर चेहऱ्याने म्हणत, “सगळी नीती या पेटीत भरून ठेवलीस, म्हणून घरात उरली नाही.”

“अहो, तुमच्यासाठी ‘संयम’ वेगळं काढून ठेवलंय.”

“ते तूच वाच. मी रोज करतो.”

ती माझी भरभराटीची वर्षे होती. मुले मला वर्गात हातोहात फिरवत. एकाने कार्ड काढायचे, उदाहरण वाचायचे, बाकीच्यांनी शब्द ओळखायचा. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी माझे झाकण उघडून दहा मिनिटे उभ्या उभ्या कार्डे वाचली होती. मला त्याचा अभिमान वाटला. ‘अभिमान’ आणि ‘अहंकार’ ही कार्डे माझ्यात शेजारी शेजारीच आहेत, त्यामुळे मी बेताने वाटून घेतला.

मग बाई निवृत्त झाल्या आणि मी न्हाणीघरावरच्या माळ्यावर गेले. एका बाजूला कुलूप बिघडलेली सुटकेस, दुसऱ्या बाजूला कुकरचे खोके. मला कुणी टाकून दिले नव्हते, फक्त कुणाला माझी गरज नव्हती. अकरा वर्षे तशी गेली. कार्डांना कसर लागली आणि तिने सर्वांत आधी ‘संयम’ कुरतडले. तरी मला फार वाईट वाटत असे म्हटले तर ते खरे होणार नाही. अंधारात शब्द खराब होत नाहीत, कागद होतो.

गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरची तनया घरी आली. ती जीवरसायनशास्त्र शिकलेली, एका संशोधन प्रकल्पात नुकतीच कामाला लागलेली. दिवसभर स्वयंपाकाचे काम करणाऱ्या बायकांच्या अंगात लोह किती टिकते, हे त्यांना पाहायचे होते. चाळीस बायका, सहा महिने, दर महिन्याला रक्ताचा एक नमुना. त्यासाठीचे संमतीपत्र तिने मराठीत लिहिले होते, आणि प्रकल्पाच्या नीती समितीने ते ‘भाषा सोपी करा’ असा शेरा मारून परत पाठवले होते.

“काकू, ‘स्वायत्तता’ला सोपा शब्द काय?”

पद्मजाबाईंनी तिच्याकडे पाहिले, मग माळ्याकडे पाहिले. “दिगंबरांना स्टूल धरायला सांग,” त्या म्हणाल्या.

तनयाने मला पुसले, कार्डांना दोन दिवस ऊन दाखवले आणि मला वारज्याला नेले. तिथे एका इमारतीत पहिल्या मजल्यावर प्रकल्पाची खोली होती. टेबल, दोन खुर्च्या, नमुने ठेवायचा लहान फ्रीज आणि मी. कार्डे वाचून तिने संमतीपत्र पुन्हा लिहिले, आणि या वेळी समितीने ते मान्य केले. तनया खूश झाली. खरे सांगायचे तर मीही झाले. पुढे जे कळले त्यात थोडी चूक माझीही आहे, कारण माझ्यात एक शब्द कमी होता.

यमुनाबाई पहिल्याच आठवड्यात आल्या. वाशिमकडच्या, चार वर्षांपासून पुण्यात, नोकरी करणाऱ्या मुलींच्या एका वसतिगृहात दोन्ही वेळचा स्वयंपाक करणाऱ्या. तनयाने त्यांना संमतीपत्र हळूहळू वाचून दाखवले आणि प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून विचारले. दर महिन्याला रक्त तपासणी होईल. चालेल. माहिती गुप्त राहील. चालेल. तुम्हांला केव्हाही सोडता येईल. चालेल. मग त्यांनी सही केली, कापूस दाबून धरला आणि त्या पोळ्या लाटायला निघून गेल्या. पुढच्या महिन्यातही तसेच झाले.

तिसऱ्या महिन्यात तनया बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होती तेव्हा यमुनाबाईंनी मला बोटाने टकटक केले.

“यात काय आहे ताई, मसाले?”

“शब्द आहेत, मावशी.” तनयाला गंमत वाटली. “एक वाचून दाखवू?” तिने नेमके ‘संमती’ काढले. “हे बघा. नीट समजून, कुणाच्या दबावाशिवाय दिलेला होकार. नाही म्हणता आले असते, तरच तो होकार. आणि मागे उदाहरण आहे. ‘अजून एक पुरणपोळी?’ असे विचारून उत्तर येण्याआधी पानात वाढणे ही संमती नव्हे.”

यमुनाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. “आमच्याकडे तर दोन वाढतेत. तुमीबी मले तसंच वाढलं न, ताई.”

“मी काय वाढलं?”

“हे रक्ताचं. इचारलं खरं तुमी. पण मी काय म्हणणार? पुण्यात आल्यावर पयले पयले मी ‘काहून’ इचारत होती, तुमचं ते ‘का’. लोक चिडत. मंग ‘चालेल’ शिकली. चालेल म्हटलं का समोरचा माणूस चालायले लागते.”

तनयाने चिठ्ठी खाली ठेवली. ती सहसा भराभर बोलते, पण आता तिने एकेक शब्द सुटा केला. “मावशी, आम्ही तुमचं रक्त कशासाठी घेतो?”

“माही चक्कर जावी म्हणून. तुमीच तर सांगितलं, दर महिन्याले तपासणी.”

मित्रांनो, आता नीट लक्ष द्या. ‘तपासणी’ हा शब्द तनयाने प्रयोगशाळेतल्या अर्थाने लिहिला होता. रक्त घ्यायचे, त्यातले लोह मोजायचे, आकडा नोंदवायचा. यमुनाबाईंनी तो दवाखान्यातल्या अर्थाने ऐकला. आपल्याला तपासत आहेत, म्हणजे आपल्यावर लक्ष आहे, म्हणजे काही असेल तर सांगतील. दोन्ही अर्थ मराठीत बरोबर आहेत. समितीतल्या नऊ जणांनी तो शब्द वाचला होता आणि कुणालाही तो अवघड वाटला नव्हता, कारण तो अवघड नव्हताच.

“चक्कर कधीपासून येते तुम्हांला?”

“आखाडापासून. मंगळवारी परातीपाशी बसकनच मारली. दवाखान्यात जात होती आधी. आता तुमी पायता म्हणून तिकडं जाणं बंद केलं.”

नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत नावाशिवाय, फक्त क्रमांकाने जात होते आणि त्यांचे आकडे सहा महिन्यांनी एकदम यायचे होते. म्हणजे यमुनाबाईंकडे कुणीच पाहत नव्हते, आणि कुणीतरी पाहत आहे या भरवशावर त्या चुलीपाशी उभ्या राहत होत्या. तनयाने फ्रीज बंद केला, खोलीला कुलूप लावले आणि त्यांना रिक्षात बसवून दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन सात पूर्णांक आठ निघाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आठ दिवस विश्रांती सांगितली आणि असेच चालू राहिले असते तर एक दिवस त्या उकळत्या पातेल्याजवळच पडल्या असत्या, असेही सांगितले.

दुसऱ्या दिवशी प्रकल्पाचे प्रमुख केदार सर आले. तनयाने सगळे सांगितले. त्यांनी संमतीपत्र मागून पुन्हा वाचले.

“तुझा हेतू वाईट नव्हता,” ते म्हणाले.

“हो सर. ते कार्ड आहे माझ्याकडे. त्याच्या शेजारी ‘परिणाम’ आहे.”

“बाकीच्या एकोणचाळीस जणींना परत विचारायचंय म्हणतेस?”

“हो.”

“म्हणजे नमुने दोन महिने मागे पडणार, आणि काही जणी सोडून जाणार.”

“चालेल सर.”

“हे ‘चालेल’ कुठलं? यमुनाबाईंचं की तुझं?”

तनया हसली नाही. “माझं,” ती म्हणाली. सरांनी मान हलवली आणि समितीला कळवायचे पत्र स्वतः लिहायला घेतले.

एकोणचाळीस जणींपैकी चौदा जणींचा हाच समज होता. तनयाने आता संमतीपत्र वाचून दाखवणे बंद केले. आधी ती सांगे, मग म्हणे, “आता तुम्ही मला सांगा, आम्ही काय करणार आहोत.” कुणी ‘चालेल’ म्हटले तर ती ते लिहून घेत नसे, थांबून राही. चौदांपैकी सहा जणी सोडून गेल्या.

हे ऐकून पद्मजाबाई स्वतः वारज्याला आल्या. त्यांनी पिशवीतून कोरे कार्ड काढले आणि जुन्याच वळणदार अक्षरात लिहिले: ‘चालेल. पुढे जाऊ द्यावे म्हणून दिलेले उत्तर. होकार असू शकते, नसूही शकते. विचारणाऱ्याने शोधून काढावे.’ मागच्या बाजूला उदाहरण लिहायला त्या तनयाकडे वळल्या, आणि तनयाने त्यांना तपासणीची गोष्ट लिहायला सांगितली, नाव न घालता. ते कार्ड ‘चारित्र्य’च्या मागे बसले. इतक्या वर्षांनी माझ्यात नवा शब्द आला. मला जरा दाटल्यासारखे झाले, पण बरे वाटले.

यमुनाबाईंना मात्र तनयाने सर्वांत शेवटी विचारले, त्या बऱ्या झाल्यावर. गोळ्या चालू असतानाही त्यांना प्रकल्पात राहता येणार होते, तशी नोंद करून. तनयाने सगळे पुन्हा सांगितले. यात तुमचा इलाज होणार नाही. तुमच्या रक्तावरून पुढे इतर बायकांना कदाचित उपयोग होईल. राहा किंवा सोडा, दवाखान्यात न्यायला मी दोन्ही वेळा येईन. तनयाला त्या हव्या होत्या, हे मला तिच्या बोटांवरून कळत होते, कारण ती माझे झाकण सारखे उघडत-मिटत होती. पण तसे ती बोलली नाही.

“बुधवारी सांगीन,” यमुनाबाई म्हणाल्या.

बुधवारी त्या आल्या, खुर्चीवर नीट टेकून बसल्या आणि म्हणाल्या, “नाही. मले नाही राहायचं.”

“बरं, मावशी.”

“कारण सांगा लागते का?”

“नाही लागत.”

“मंग नाही सांगत.”

तनयाने वहीत तारीख लिहिली आणि दोघींसाठी चहा मागवला. यमुनाबाईंनी बशीत ओतून चहा संपवला. मग त्यांनी विचारले, “काहून हो ताई, हे बाकीच्या बायांचं काम कधी पुरं होते?” आणि तनयाने त्यांना प्रकल्पाचा सगळा तक्ता दाखवला.

मित्रांनो, मला पुसा, उन्हात ठेवा, कसरीपासून जपा, एवढे मी मागतेच, कारण मी लाकूड आहे. पण माझ्यातले शब्द जपायचे तर ते पाठ करून भागत नाही. कुणाला काही विचाराल तेव्हा तुमचा शब्द समोरच्याच्या कानात कोणत्या अर्थाने पोचला, ते त्याच्याकडूनच ऐका. आणि उत्तर ‘नाही’ आले तरी चहा पाजा.