विहिरीवरची भिंत

भिंत: शून्य हात

साल १९२७. अमरावतीबाहेर, बडनेऱ्याच्या रस्त्याला, शालिकराम माळ्याचं दीड एकर वावर. आता ते मदर बेनेदिक्ताचं. भिंत आखायच्या दोरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं पुंजाराम गवंड्याच्या.

याआधी तिने ख्रिस्ती जोगिणींचे दोन मठ उभे केले. पहिल्याच्या भिंतीआड गावाची पायवाट गेली, दुसऱ्याच्या भिंतीआड एक चिंच. तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं. बोललं असेल तर तिला तिथली भाषा येत नव्हती. मराठी ती नंतर शिकली, अकोल्याच्या दवाखान्यात.

शालिकरामची बायको पार्बताबाई वांग्यांची टोपली उतरवते आणि दोरीवर पाय देते.

"मदरबाई, दोरी काहून विहिरीच्या पलीकून नेली?"

"विहीर आत यावी म्हणून."

"वावर इकलं आमी. विहीर नाई इकली."

"कागदावर आहे. विहिरीसह."

"कागद माह्या बुढ्यानं केला. आसराइले कोनं इचारलं?"

"कोणाला?"

"पान्यातल्या बहिनी. सात हायेत. आतच रायतात, भाईर येत नाईत, कोनाले दिसत नाईत."

पुंजाराम हसतो. "अन् तुमी किती जनी, मदरबाई?"

मदर मोजते. अकोल्यात भाड्याच्या घरात थांबलेल्या सहा, आणि ती.

"सात."

"मंग झालंच!" पार्बताबाई म्हणते. दोरीवरचा पाय मात्र काढत नाही.

भिंत: दोन हात, विहिरीपासून लांब

पार्बताबाईला काय हवं: सून शकुन भरल्या दिवसांची आहे. विहीर पुजल्याशिवाय बाळंतीण घरच्या पाण्याला हात लावत नाही. पार्बताबाईने हीच विहीर पुजली, तिच्या सासूनेही हीच.

मदरला काय हवं: भिंत पुरी झाली की बिशप दाराला कुलूप लावतील. मग आतली बाहेर नाही, बाहेरची आत नाही, मरेपर्यंत. कुलूप नसेल तर मठ नाही. आत पाणी नसेल तर कुलूप नाही.

"बाराव्या दिवशी घडीभर दार उघडजा."

"कोणासाठीच उघडता येत नाही."

"तुमाले लेकरू नाई. तुमाले काय समजते?"

 संध्याकाळपर्यंत मदर विहिरीच्या काठावर बसून राहते. पुंजाराम मजुरांना सांगतो, बाईले ऊन लागलं.

भिंत: तीन हात

"विहिरीच्या मधून न्या," मदर म्हणते.

"पान्यावर भिंत? पडीन थे."

"कमान बांधा."

पुंजाराम नऊ दिवस कुरकुरतो आणि कमान बांधतो. अर्धी विहीर आत, अर्धी बाहेर. दोन्हीकडे एकेक चाक. या उंचीवर बायका एकमेकींना खांद्यापासून वर दिसतात.

अकोल्याहून फादर तपासायला येतात. आतल्या बाजूने वाकतात. कमानीखाली, पाण्यात, बाहेरून वाकलेल्या पार्बताबाईचं कपाळभर कुंकू.

"आतलीला बाहेरची दिसते. हे चालणार नाही."

"आतली तोंड झाकून पाणी काढेल," मदर म्हणते. "विहिरीवर बोलणार नाही."

"किती दिवस?"

"कायम."

फादर ते लिहून घेतात. भिंतीपलीकडून पार्बताबाई विचारते, काय लिवलं? तिला कोणी सांगत नाही.

भिंत: नऊ हात

आत: सात जणी. दाराला कुलूप. मदर चाकापाशी, तोंडावर काळं वस्त्र, हातात दोर.

बाहेर: बांगड्यांची किणकिण. हळद-कुंकू पाण्यात पडल्याचा आवाज होत नाही, पण पिवळा डाग कमानीखालून आत सरकत येतो.

"मदरबाई! पोरगी झाली. पान्यात वाकून पाहा, वर धरली हाये."

आतलं चाक कुरकुरतं, थांबतं.

"आत्याबाई, तिकडं कोनी नाई," शकुन सासूला म्हणते.

"हाये. चाक कुरकुरलं आताच."

"मंग बोलत काहून नाई?"

"मी काय सांगू?"

मदरचा हात वस्त्राच्या कडेपाशी जातो. तिथेच राहतो. मूल रडतं. मग ती दोर सोडते. बादली पाण्यावर आपटते, आणि बाहेरच्या अर्ध्या विहिरीत दोन चेहरे आणि एक लहान चेहरा मोडून जातात.

"पाह्यलं?" पार्बताबाई म्हणते. "हाललं पानी."

बादली वर येते तेव्हा पाण्यावर हळद असते. मदर ती ओतून देत नाही, स्वयंपाकघरात नेते. त्या दिवशी सात ताटांतला भात किंचित पिवळा होता. कोणी काही विचारलं नाही. जेवताना त्या बोलत नसत.